दीड आणि कार्बनची चकती

माझ्या आतेभावाला प्रयोगशाळेत सगळे ‘दीड’ म्हणायचे. हे नाव चुंबकांची दुरुस्ती करणाऱ्यांनी ठेवलं होतं आणि ते ‘दीडशहाणा’ या शब्दाचं आखूड रूप होतं, एवढं इमारतीतल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्याला. आम्ही ज्या डेल्टा नावाच्या कणाच्या भरवशावर सगळे प्रयोग करायचो, त्या कणाची फिरकी, म्हणजे स्पिन, मोजमापात दीड येते. तेव्हा या विषयातल्या आपल्या अधिकाराला सलाम म्हणून लोकांनी हे नाव दिलंय, अशी त्याची पक्की समजूत. नव्या विद्यार्थ्यांना तो स्वतःच सांगायचा, “मला इथे दीड म्हणतात. का, ते तुम्हाला हळूहळू कळेल.” हळूहळू कसलं, दुपारच्या चहापर्यंत कळायचं.

लहानपणी आम्ही एकाच इमारतीत राहायचो. आत्या वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. एकदा त्याने शेजारच्या काकांचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करतो म्हणून उघडलं, पुन्हा बंद केलं, आणि तीन स्क्रू नि एक चाक हातात उरलं. काकांनी विचारलं, हे कुठलं? तर म्हणाला, “कंपनी जास्तीचे घालते.” घड्याळ त्यानंतर कधी चाललं नाही. आत्या मात्र सगळ्यांना सांगत सुटली की एवढ्याशा वयात घड्याळ उघडलं पोरानं! उघडलं हे खरंच होतं. पुढे आयुष्यभर तो गोष्टी उघडत राहिला आणि टाळ्या पडेपर्यंतच तिथे थांबला.

माझं दुर्दैव असं की मीही त्याच विषयात शिरले आणि त्याच्याच गटात नोकरीला लागले. तो गटप्रमुख, मी आकडेमोड सांभाळणारी. तो प्रमुख कसा झाला, याचं उत्तर सोपं आहे. संचालक जिन्याने वर जायचे तेव्हा तोही जिन्याने जायचा, संचालकांचा गुडघा दुखायला लागल्यावर दोघं लिफ्टने जायला लागले. ढ होता असं मात्र मी म्हणणार नाही. ढ माणसाला माफ करता येतं.

आमचं काम काय, ते आधी सांगते, नाहीतर पुढची लबाडी कळायची नाही. अणूच्या मध्ये जो गाभा असतो त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले असतात. प्रोटॉनवर वीज असते म्हणून तो हाताला लागतो. इलेक्ट्रॉनांचा मारा केला की गाभ्यात प्रोटॉन कुठवर पसरलेत ते बऱ्यापैकी कळतं. न्यूट्रॉन मात्र घुम्या. वीज नाही, ओळख देत नाही. त्याला बोलतं करायला पायॉन लागतो. हा पायॉन फार अल्पायुषी कण. वेगवान प्रोटॉन ग्राफाइटच्या ठोकळ्यावर आदळवले की तो जन्मतो आणि क्षणाच्या कोट्यवधीव्या भागात मरतो. तेवढ्या वेळात त्याला चुंबकांच्या बोगद्यातून पळवत न्यायचं आणि पुढे टांगलेल्या पातळ चकतीवर सोडायचं. तिथे तो चकतीतल्या एखाद्या गाभ्यावर आपटून उडतो. किती पायॉन कोणत्या कोनात उडाले आणि उडताना प्रत्येकाची किती ऊर्जा गेली, हे मोजायला एक घराएवढं मोठं चुंबक असतं. ते चकतीभोवती रुळांवरून फिरतं. त्याला स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. पायॉनची जेवढी ऊर्जा हरवली तेवढी गाभ्याने घेतलेली असते. आणि तीही तो वाटेल तेवढी घेत नाही, ठरावीकच घेतो. म्हणून आलेखावर सुळके उभे राहतात. एकेक सुळका म्हणजे गाभ्याची डिवचल्यावरची एकेक अवस्था.

खरी गंमत अशी की पायॉन दोन जातीचे मिळतात, धन आणि ऋण. ठरावीक ऊर्जेला पायॉन आणि त्याला भेटलेला कण क्षणभर एकजीव होऊन डेल्टा बनतात आणि लगेच फुटतात. त्या ऊर्जेला ऋण पायॉन न्यूट्रॉनवर जेवढा उसळतो, त्याच्या नवव्या हिश्शानेच प्रोटॉनवर. धन पायॉनचं नेमकं उलटं. लग्नघरी दोन पाहुणे यावेत, एकाने फक्त मुलीकडच्यांशी बोलावं, दुसऱ्याने मुलाकडच्यांशी, आणि परतल्यावर दोघांना वेगवेगळं विचारावं, तसं हे. एकाच चकतीवर आधी एक पाठवायचा, मग दुसरा, आणि ऋणाचा आकडा धनाच्या आकड्याने भागायचा. भागाकार एकाच्या आसपास आला तर त्या हालचालीत दोघेही सारखेच. नऊ आला तर तो कारभार निव्वळ न्यूट्रॉनांचा. जगात इतकी स्वच्छ युक्ती फार थोड्या लोकांच्या हाती लागते. आमच्या हाती लागली होती आणि आमचा प्रमुख दीड होता.

त्याने हाती घेतलं कॅल्शियम. नेहमीच्या कॅल्शियमच्या गाभ्यात वीस प्रोटॉन आणि वीस न्यूट्रॉन असतात. त्याचा एक जड भाऊ आहे, त्यात आठ न्यूट्रॉन जास्त. हे जास्तीचे न्यूट्रॉन गाभ्यावर सालीसारखे बसतात का, आणि बसले तर ती साल किती जाड, असा प्रश्न. प्रश्न चांगला होता. त्याने रात्रीच्या जेवणाला वहिनीला तो मोठ्या थाटात समजावून सांगितला. वहिनी जनावरांची डॉक्टर. दिवसभर तबेल्यातून आणि गोठ्यातून फिरून आलेली. ती म्हणाली, “कॅल्शियम? मी गाईंना देते ते.”

“ते वेगळं गं.”

“वेगळं कसं? कॅल्शियमच ना?”

त्याने माझ्याकडे पाहून डोळे वर केले. वहिनीनेही माझ्याकडे पाहिलं, पण तिच्या डोळ्यांत हसू होतं.

प्रयोग सुरू झाला. धन पायॉनच्या झोतात एक जुनी अडचण असते. त्यात प्रोटॉन घुसतात. तेही धन, त्यामुळे चुंबक त्यांनाही त्याच वाटेने वळवतं. त्यांना हाकलायला बोगद्यात मध्येच एक पत्रा घालतात. प्रोटॉन जरा संथ असतो, पत्र्यात पायॉनपेक्षा जास्त दमतो, आणि पुढच्या वळणावर बाजूला फेकला जातो. आम्ही त्या पत्र्याला गाळणी म्हणायचो. गाळणीचा तोटा एवढाच की झोत किंचित विस्कटतो आणि आलेखावरचे सुळके थोडे बोथट होतात.

दीडला बोथट सुळके आवडत नसत. दुपारची पाळी होती, नियंत्रण कक्षात आम्ही पाचसहा जण होतो. झोत सांभाळायला एक ऑपरेटर होती, हाडाची कामसू, मोजकं बोलणारी. दीडने पडद्याकडे बघून तोंड वाकडं केलं.

“हे काय टेकड्यांसारखं दिसतंय? गाळणी काढ.”

“सर, प्रोटॉन येतील.”

“येऊ देत. स्पेक्ट्रोमीटर प्रोटॉन ओळखतो, बाजूला टाकतो. हे तुम्हाला शिकवत नाहीत का?”

“स्पेक्ट्रोमीटर ओळखतो सर, पण झोत मोजणारं यंत्र—”

“काढ ती. माझ्या जबाबदारीवर.”

तिने काढली. सुळके सुरीसारखे झाले. त्याने लगेच पडद्याचा फोटो काढून संचालकांना पाठवला.

ऑपरेटरचं तोडलेलं वाक्य पूर्ण करते. चकतीच्या आधी एक यंत्र असतं, ते झोतात किती कण गेले ते मोजतं. जाणारा पायॉन की प्रोटॉन, हे त्याला कळत नाही. जो येईल त्याला मोजायचं, एवढंच त्याचं काम. म्हणजे गाळणी काढल्यावर धन झोतातले प्रोटॉनही पायॉन म्हणून मोजले जाणार, पायॉन भरपूर सोडले पण उसळले कमी असं दिसणार, धनाचा आकडा पडणार आणि भागाकार फुगणार. ऋण झोतात ही भानगड नाही, कारण ऋण प्रोटॉन वाटेवर पडलेले नसतात. आमचं मशीन तर ते बनवतही नाही. दीडला स्पेक्ट्रोमीटर आठवला, मोजणारं यंत्र आठवलं नाही. एवढी चूक कुणाचीही होते. ती पकडण्यासाठीच तर प्रत्येक वेळी झोताची जात बदलली की कॅल्शियमच्या जागी थोडा वेळ कार्बनची चकती टांगायची पद्धत असते. कार्बनच्या गाभ्यात सहा प्रोटॉन, सहा न्यूट्रॉन. बरोबरीचा मामला. भागाकार एकच यायला हवा. नाही आला तर खोट कार्बनमध्ये नाही, तुमच्यात.

कार्बनची पाळी दीडने वेळापत्रकातून आधीच काढून टाकली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “उत्तर एक येतं हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. माहीत असलेलं मोजायला मी झोत मागून घेतलेला नाही.” हे वाक्य त्याला इतकं आवडलं की त्याने ते दुपारी संचालकांसमोर पुन्हा म्हटलं. संचालक हसले. मग मागे बसलेले दोघे हसले, ज्यांना कार्बन का लावतात हे माहीत होतं.

साल जाड आली. नुसती जाड नाही, ज्यांनी ज्यांनी हिशेब मांडले होते त्या सगळ्यांपेक्षा जाड. माणसाने अशा वेळी घाबरावं. हा हुरळला. परिषदेत भाषण, बाहेर मुलाखत, प्रयोगशाळेच्या दाराशी स्वतःचा हेल्मेट घातलेला फोटो. मुलाखतीत त्याने न्यूट्रॉनांच्या सालीची तुलना संत्र्याशी केली, मग फणसाशी, शेवटी कलिंगडाशी. फळांची टोपली संपली तेव्हा मुलाखत संपली.

त्याच आकडेवारीत एक सुळका होता. बुटका, कडेला, वरच्या ऊर्जेला. ऋण पायॉनला स्पष्ट दिसायचा आणि धन पायॉनला जवळजवळ नाहीच. मी त्याचा भागाकार केला, तर सव्वाअकरा आला. मी दीडच्या खोलीत गेले.

“दादा, हा सुळका बघ. सव्वाअकरा.”

“कचरा आहे तो.”

“कचरा नाही. दर वेळी त्याच जागी येतोय. आणि नऊच्या वर कसा जाईल? निव्वळ न्यूट्रॉन असले तरी नऊवर थांबायला हवा.”

“तू नेहमी कडेकडेचं बघतेस. मधला प्रश्न बघ. साल!”

आता अगदी किस काढायचा तर नऊच्या थोडं वर जायला वाट आहे. आतले प्रोटॉन उलट्या अंगाने हलले तर जाता येतं. म्हणून मी आकांडतांडव केलं नाही. पुढच्या पाळीला, सगळ्यांसमोर, वेळापत्रक लिहिणाऱ्याला सांगून, मी कार्बनची चकती टांगली. जातीने दोन्ही झोत घेतले, गाळणी जशी काढलेली होती तशीच ठेवून. कार्बनचा भागाकार आला सव्वा.

नऊ सव्वे सव्वाअकरा. पाढा येणाऱ्या कुणालाही पुढचं सांगायला नको. आमचा प्रत्येक आकडा सव्वापट फुगला होता. धन झोतातला पाचवा हिस्सा प्रोटॉन होते. तो कडेचा बुटका सुळका सव्वाने भागल्यावर बरोबर नऊवर येऊन बसला, म्हणजे निव्वळ न्यूट्रॉनांची अवस्था, इतकी शुद्ध की शोधूनही सापडू नये. आणि मधली ती गाजलेली साल भागल्यावर पातळ झाली, टोमॅटोची असते तेवढी.

मी हे दीडला सांगितलं. तो ऐकत होता तेव्हा त्याचा चेहरा मी नीट पाहिला. आधी तो म्हणाला, “चकती खराब असेल.” मी म्हटलं, दुसरी लावून बघितली. “मग कोन चुकला असेल.” मी म्हटलं, तीन कोनांत बघितलं. मग त्याच्या तोंडून जे वाक्य निघालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो म्हणाला, “कार्बनबद्दल आपल्याला अजून बरंच शिकायचं आहे.”

म्हणजे याची साल खोटी ठरू नये म्हणून कार्बनने आपला स्वभाव बदलायचा!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काही कागद द्यायला त्याच्या खोलीत गेले. दार अर्धं उघडं होतं. तो फळ्यासमोर उभा होता आणि त्याने सगळं मांडलं होतं. गाळणी, मोजणारं यंत्र, पाचवा हिस्सा, सव्वा. ओळीखाली ओळ, चूक एकही नाही. तळाशी खरी साल किती ते लिहिलं होतं आणि त्याभोवती चौकट केली होती. त्याने जरा वेळ त्या चौकटीकडे पाहिलं. मग शर्टाच्या बाहीने सगळा फळा पुसला, मागे वळला, मला पाहिलं आणि म्हणाला, “हां, ठेव कागद तिकडे.”

लोक मला म्हणतात, तू फार कडवट बोलतेस त्याच्याबद्दल, बिचाऱ्याची चूक झाली. चुकीचं मला काही वाटत नाही. त्याला उत्तर आलं होतं. त्याच्या बाहीवर खडू होता.

मी गप्प बसले नाही. लेखी कळवलं, संचालकांना भेटले. संचालक म्हणाले, “घरातले वाद इथे नकोत.” मी म्हटलं, कार्बन माझ्या घरातला नाही. ते म्हणाले, “बघू.” आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे डोळे मिटणे.

पुढे व्हायचं तेच झालं. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तोच प्रयोग केला, गाळणी घालून, कार्बन लावून, सरळमार्गी माणसांसारखा. त्यांची साल पातळ आली. त्यांनी विनम्रपणे विचारलं, तुमच्या झोतात प्रोटॉन किती होते? आता डोळे मिटून चालेना. चौकशी समिती बसली. आणि समिती बसायच्या आधीच ऑपरेटरला नियंत्रण कक्षातून काढून सामानाच्या कोठारात पाठवण्यात आलं, चौकशी निष्पक्ष व्हावी म्हणून. दीड आपल्या खोलीतच राहिला. तोही निष्पक्षतेसाठीच असणार.

त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले होते. आत्या तेव्हा नुकतीच वारली होती, तिच्या कपाटातलं आवरायला वहिनीने बोलावलं होतं. जेवताना वहिनीने सरळ विचारलं, “ती गाळणी की काय ती, तू काढायला सांगितलीस की नाही?”

“ते तितकं सोपं नसतं. प्रयोग ही सामूहिक—”

“सांगितलीस की नाही?”

“झोताची अंतिम जबाबदारी ऑपरेटरची असते.”

वहिनीने चमचा खाली ठेवला. “मी एका माणसाच्या कुत्र्याचं निदान चुकवलं होतं. कळल्यावर त्याच्या दारात जाऊन सांगितलं, माझं चुकलं. भरपूर शिव्या खाल्ल्या. पुढच्या आठवड्यात तो त्याची मांजर घेऊन माझ्याकडेच आला.”

“तुझ्या जनावरांत आणि अणुगाभ्यात फरक आहे.”

“आहे ना. जनावर मरतं.”

तो उठून हात धुवायला गेला, आणि बराच वेळ धूत राहिला.

समितीपुढे लांबलचक टेबल होतं, पाण्याचे पेले होते, एका टोकाला संचालक होते, आणि खिडकी उघडत नव्हती. दीडने गुळगुळीत भाषण केलं. मोठे प्रयोग, अनेक हात, संवादातली दरी. शेवटी म्हणाला, “झोतात कोणता पत्रा ठेवायचा, कोणता काढायचा, हे तंत्रज्ञ पाहतात. मी काही सुचवलं असेन, पण निर्णय त्यांचा असतो.”

ऑपरेटर त्याच्या समोर बसली होती. ती म्हणाली, “सर, मी प्रोटॉन येतील म्हणाले होते.”

“असं काही मला आठवत नाही.”

मी म्हटलं, “मला आठवतंय. मी तुझ्या मागे उभी होते, दादा. ती म्हणाली प्रोटॉन येतील. तू म्हणालास, काढ ती, माझ्या जबाबदारीवर. मग तू पडद्याचा फोटो काढलास.”

दीड समितीकडे वळला आणि अत्यंत दुःखी स्वरात म्हणाला, “ही माझी मामेबहीण आहे. लहानपणापासून तिच्या मनात माझ्याविषयी... मी काय बोलू.”

अध्यक्षांनी सहानुभूतीने मान हलवली. तेवढ्यात ऑपरेटरने शांतपणे विचारलं, “फोटो संचालकसाहेबांकडे आला होता ना? त्यातले सुळके गाळणीबरोबर येतात तसे होते का?” संचालक पाणी प्यायले. त्यांना सुळक्यातलं काही कळत नव्हतं, पण समितीतल्या एका म्हाताऱ्या बाईंना कळत होतं. परदेशात मोजणीच्या कामात जन्म घालवलेल्या त्या बाई इतका वेळ पेंगत आहेत असं आम्हाला वाटत होतं. त्या म्हणाल्या, “दाखवा फोटो.” दाखवला. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढून पाहिला आणि दीडला विचारलं, “एवढे टोकदार सुळके गाळणी असताना येत नाहीत, हे तुम्हाला हा पाठवतानाच कळलं असणार. की तेही तंत्रज्ञ पाहतात?”

दीडने समोरचा पाण्याचा पेला उचलला आणि पुन्हा ठेवला. माझ्या डोळ्यांसमोर तो पहिल्यांदाच पकडला गेला होता. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगते, शिसारी आली. त्याने तेव्हा एक शब्द बोलायचा होता. ‘हो’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्याऐवजी तो म्हणाला, “मला जरा बरं वाटत नाहीये,” आणि बाहेर गेला.

समितीने मग समितीचं काम केलं. अहवालात लिहिलं की चूक ‘घडली’. कुणाकडून, ते नाही. जसा पाऊस पडतो, तशी चूक घडली. सालीचा दावा मागे घेतला गेला, तोही इतक्या बारीक अक्षरात की वहिनीने भिंग मागितलं. ऑपरेटरला पुन्हा नियंत्रण कक्षात घेतलं, पण कुणी तिची माफी मागितली नाही. ती पंधरवडाभर कामावर आली, खुर्ची उंच करून बसली, आणि मग त्या दुसऱ्या प्रयोगशाळेने बोलावलं तिकडे निघून गेली. तिथला अख्खा पायॉनचा बोगदा आता तिच्या ताब्यात आहे. जाताना मला म्हणाली, “ताई, तुम्हीही निघा इथून.” मी निघाले नाही. माझा तो बुटका सुळका इथे होता.

त्याच्यावर मी नव्याने मोजणी केली. गाळणी घालून, दोन्ही झोत, आधी कार्बन, मग कॅल्शियम, मग पुन्हा कार्बन. कार्बन निमूटपणे एकावर राहिला. सुळका नऊवर राहिला. गाभ्यातला एकच न्यूट्रॉन उठून वरच्या कक्षेत जाऊन बसतो आणि वीसच्या वीस प्रोटॉन जागचे हलत नाहीत, असं त्याचं सरळ वाचन होतं. आमच्या गटातून बाहेर पडलेली ही एकमेव गोष्ट, जी अजून कुणी खोडलेली नाही. शोधनिबंधावर गटप्रमुख म्हणून दीडचं नाव टाकावं लागलं. तसा नियम होता. सगळ्यांच्या शेवटी टाकलं. शेवटचं नाव मानाचं असतं, असा खुलासा त्याने लगेच सगळीकडे केला.

नंतरची वर्षं त्याने कशी काढली? मजेत. पडणारी माणसं वेगळी. हा जिथे पडतो तिथे कुणीतरी गादी टाकून ठेवलेली असते. सुरक्षा समितीचा प्रमुख झाला, मग पाहुण्यांच्या स्वागताचा. चुंबकवाल्यांनी तोवर त्याची टिंगल करणंही सोडलं होतं; कंटाळले. संचालक बदलले. नव्या संचालकांना जिना चढायला आवडायचं, आणि दीड या वयात पुन्हा जिना चढायला लागला, धापा टाकत.

निवृत्त झाला तेव्हा मोठ्या सभागृहात निरोपाचं भाषण केलं. मी आणि वहिनी तिसऱ्या रांगेत होतो. मला वाटलं, सालीबद्दल एक वाक्य तरी बोलेल. सालीचं नाव नाही. पडद्यावर आला तो माझा बुटका सुळका, लाल रंगात, भल्यामोठ्या बाणासह. दीड म्हणाला, “हा कडेचा सुळका पहिल्यांदा दिसला, तेव्हा बऱ्याच जणांनी त्याला कचरा म्हटलं. पण विज्ञानात कडेकडेचं बघावं लागतं.”

टाळ्या पडल्या. वहिनी माझ्या कानाशी वाकली. “कचरा कोण म्हणालं होतं गं?”

“तोच.”

“वाटलंच,” ती म्हणाली. तिच्या पर्समधला फोन थरथरत होता. कुठल्याशा तबेल्यात घोडी अडली होती. ती उठली, रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत दाराकडे गेली. व्यासपीठावरून त्याने तिला जाताना पाहिलं आणि पुढच्या चित्राकडे वळला.

भाषणानंतर लोक केकच्या टेबलाभोवती जमले. दीड घामाघूम आणि प्रसन्न चेहऱ्याने माझ्यापाशी आला.

“कसं झालं?”

बरंच काही बोलता आलं असतं. पण ज्याने स्वतःच्या हाताने बरोबर उत्तर काढून स्वतःच्या बाहीने पुसलं, त्याला मी नवीन काय सांगणार होते? मी म्हटलं, “आवाज मागपर्यंत स्पष्ट येत होता.”

त्याला फार बरं वाटलं. “येणारच,” तो म्हणाला, “माईक मी सकाळी स्वतः येऊन दोनदा तपासला होता.” आणि फोटोवाल्याने हाक मारली तसा शर्ट नीट करत तिकडे गेला.